हेड दुरुस्त करावे की बदलावे? आधी मोजा, मग सांगा

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपली माणसे किती आहेत हे सांगण्यासाठी पाहणी करण्याची गरज नाही. मुंबईत कुर्ल्याच्या रस्त्याने चालत जावे, पुण्यात नाना पेठेत फेरी मारावी, किंवा मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या बसस्टँडमागे डोकवावे. गॅरेज, लेथ, वेल्डिंग, रेडिएटर, सुटे भाग, जुना माल, एकाच गाडीवर पाच-सहा घरांची रोजी चालते. या सर्व घरांचा संबंध येतो असा एक प्रश्न जवळपास रोज उभा राहतो: जुन्या गाडीचे सिलिंडर हेड खराब झाले तर ते दुरुस्त करावे की बदलावे?

आमचे मत असे की बहुतेक हेड दुरुस्त होण्याजोगी असतात आणि ती दुरुस्तच करावीत. परंतु दुरुस्त होईल की नाही हे हेड मोजून ठरवावे, नजरेने नव्हे. आणि जे मोजले ते गिऱ्हाईकाला कागदावर लिहून द्यावे. आज ही दुसरी गोष्ट जवळजवळ कोठेच होत नाही आणि पहिली फार थोड्या ठिकाणी होते. कंपन्यांच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या बिघाडाला "हेड बदला" एवढेच उत्तर मिळते, हे खरे आहे. पण तिकडून परत आलेले गिऱ्हाईक आपल्याकडे टिकत नाही, याचे कारण कंपनी नव्हे.

जे वाचक या धंद्यातले नाहीत, पण ज्यांच्या दारात एखादी जुनी गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. हेड म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टांनी आवळलेले वरचे झाकण. मात्र ते नुसते झाकण नव्हे. पेट्रोल आणि हवा आत येण्याची व धूर बाहेर जाण्याची वाट त्यातून, व्हॉल्व्ह त्यात, थंड करणारे पाणी त्याच्या पोटातून आणि ऑइलही त्याच्यातून. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये गॅसकेट. हेड वाकले किंवा तडकले की ही चारही एकमेकांत मिसळू लागतात. मग ऑइल दुधाळ होते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, गाडी पाणी खाते आणि मागून पांढरा धूर निघतो.

आता सगळी हेड सारखी नसतात. अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सी.सी. इंजिनाचे हेड बिडाचे, जड, सहजासहजी न वाकणारे. प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सी.सी.चे हेड अ‍ॅल्युमिनियमचे. मारुती ८०० चेही अ‍ॅल्युमिनियमचेच, आणि शिवाय कॅमशाफ्ट त्याच्याच डोक्यावर बसलेला. पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून गेली, अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मारुती ८०० मात्र डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत निघत राहिली आणि तिचेच ७९६ सी.सी.चे इंजिन वापरणारी ओम्नी २०१९ पर्यंत. लहान गावांत आजही याच गाड्या गॅरेजमध्ये येतात, म्हणून पुढचे विवेचन मुख्यत्वे या तीन सिलिंडरच्या इंजिनाबद्दल आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या इतर हेडनाही ते थोड्याफार फरकाने लागू पडते.

अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगते. बोल्टांनी ते जखडलेले असते, त्यामुळे जास्त तापले की पसरायला जागा मिळत नाही आणि ते कमानीसारखे वाकते. म्हणजे हेड गेले असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा आधी दुसरेच काहीतरी गेलेले असते. पंख्याचा स्विच चालत नाही, रेडिएटर बुजलेला आहे, झाकणाचे रबर सैल आहे, वॉटर पंप गळतो आहे. ते कारण तसेच ठेवून हेड दुरुस्त केले तर सहा महिन्यांत गाडी पुन्हा दारात. तीच गत नव्या हेडची होईल. नवे हेड काही आगीतून वाचण्याचा परवाना घेऊन येत नाही.

यात दोन सवयी आपल्याच धंद्याने लावलेल्या आहेत. पहिली थर्मोस्टॅट काढून फेकण्याची. "आपल्याकडे उन्हाळा, याची गरजच काय" असे उस्ताद सांगतात आणि शागीर्द ते पाठ करतो. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ घेते, पेट्रोल जास्त पिते, आणि सिलिंडरची झीज वाढते. गाडी गरम होत असेल तर थर्मोस्टॅट तपासून बदलावा; तो गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो की नाही हे कोणालाही पाहता येते. दुसरी सवय रेडिएटरमध्ये साधे पाणी ओतण्याची. मराठवाड्यात बोअरच्या पाण्याचा क्षार भांड्यावर पांढरा थर धरतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. शिवाय कूलंटशिवायचे पाणी अ‍ॅल्युमिनियम खाते. हेड उतरवल्यावर पाण्याच्या भोकांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात त्या यामुळे. हे कुरतडणे गॅसकेटच्या कड्याखाली पोहोचले की फेसिंगने भागत नाही, तेथे धातू भरावा लागतो.

हल्ली प्रत्येक बिघाडाचे खापर पेट्रोलमधल्या इथेनॉलवर फोडण्याची पद्धत पडली आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, डायफ्राम आणि कार्बोरेटर यांना इथेनॉलचा त्रास होतो आणि कार्बोरेटर पुन्हा लावून घ्यावा लागतो, हे मान्य. पण बुजलेल्या रेडिएटरचे पाप इथेनॉलच्या माथी मारून कोणाचेच काम होत नाही.

मोजण्याकडे वळू. हेड गरम असताना उघडू नये. गिऱ्हाईक घाईत असते, रिकामा हात बरा दिसत नाही, म्हणून पाना लावला जातो, आणि जे हेड वाकलेले नव्हते तेही उघडताना वाकते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट बाहेरून आत या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. हेड साफ करून स्ट्रेट एज त्यावर उभी धरावी: लांबीत, रुंदीत, दोन्ही तिरकस रेषांत. खाली फीलर गेजची पात सरकते का पाहावे. या इंजिनाला ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे केसापेक्षा बारीक फट. ती डोळ्याने किंवा काचेवर हेड ठेवून कळते असे सांगणाऱ्या कारागिराच्या हुनराबद्दल आदर ठेवूनही आम्ही म्हणू की गेज घ्यावे. त्याची किंमत एका गॅसकेट सेटपेक्षा जास्त नसते.

वाक निघाला म्हणजे फेसिंग आले. फेसिंग हे औषध आहे, पण ते मोजून देण्याचे औषध आहे. मारुती ८०० चा बोअर ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७२. म्हणजे एका सिलिंडरची जागा सुमारे २६५ घन सेंटिमीटर. कॉम्प्रेशनचे प्रमाण ८.७ च्या आसपास धरले तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साडेचौतीस घन सेंटिमीटरच्या जवळपास होते. हेडमधून अर्धा मिलिमीटर धातू काढला तर यातली पावणेदोन घन सेंटिमीटरपर्यंत जागा जाऊ शकते आणि प्रमाण नऊच्या पुढे सरकते. इंजिन चढावर खडखडू लागते, पुन्हा तापते. शिवाय कॅमशाफ्ट ब्लॉकच्या जवळ आल्याने पट्ट्यावरचे टायमिंग किंचित मागे पडते. एका फेसिंगमध्ये अर्धा मिलिमीटर कोणी काढत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण वीस वर्षांच्या गाडीचे हेड तीन गॅरेजांत तीन वेळा फेस झालेले असू शकते. प्रत्येकाने "थोडेसेच" काढलेले असते आणि या तीन थोड्यांची बेरीज कोणाच्याही वहीत नसते.

आमचा खरा आक्षेप येथे आहे. हेडची जाडी मोजायला एक व्हर्निअर पुरते. फेसिंगच्या आधीची जाडी, नंतरची जाडी, दोन्ही आकडे बिलावर लिहावेत आणि काढलेला धातू हेडच्या बाजूला, जेथे गॅसकेट बसत नाही तेथे, पंचने ठोकावा. पुढचा कारागीर कोणत्याही गावचा असो, त्याला ते हेड उघडताच इतिहास कळेल. हे न केल्याने पुढचा माणूस आंधळा काम करतो आणि जाड गॅसकेट, नाही तर एकावर एक दोन गॅसकेट असले उपाय शोधतो. दोन गॅसकेट लावून गाडी आठवडाभर चालते हे खरे. आठवडाभरच.

फेसिंगने खालचा पृष्ठभाग सपाट होतो. वरची कॅमशाफ्टची रांग सरळ होत नाही, हेही विसरले जाते. कमानीसारखे वाकलेले हेड खालून कापून सपाट केले तरी वर कमान राहतेच. म्हणून कॅमशाफ्ट बसवून हाताने फिरवून पाहावा. तो अडकत असेल तर नुसत्या फेसिंगवर ते हेड परत देणे म्हणजे कॅमशाफ्ट मोडण्याची तारीख ठरवून देणे. अशा हेडला जाड पाटावर पत्र्याच्या चकत्या देऊन, आवळून, भट्टीत सावकाश तापवून सरळ करतात आणि मग हलके फेसिंग करतात. हे काम करणारे थोडे आहेत. जेथे ते होत नाही तेथे हेड बदलण्याचा सल्ला द्यावा, आणि तोच सल्ला प्रामाणिक होय.

तड्याची गोष्ट निराळी. तडा बहुधा दोन व्हॉल्व्हच्या सीटमध्ये किंवा सीटपासून प्लगच्या भोकाकडे जातो. पुष्कळदा तो दिसत नाही. त्यासाठी पाण्याच्या वाटा रबर आणि पट्टीने बंद करून, आत दोन-अडीच किलो हवा भरून हेड कोमट पाण्यात बुडवतात. बुडबुडा आला तेथे तडा. पाणी कोमट अशासाठी की काही तडे थंड धातूत मिटलेले असतात आणि तापल्यावरच तोंड उघडतात. अ‍ॅल्युमिनियमचा लहान तडा आर्गन वेल्डिंगने चांगला भरतो, मात्र तडा मुळापर्यंत खोदून, धातू स्वच्छ करून, हेड आधी तापवून. वरवर मारलेली वेल्डिंग म्हणजे भेगेवर चुना. वेल्डिंगनंतर पुन्हा पाण्याची चाचणी आणि पुन्हा फेसिंग हवे. एवढे होऊन बुडबुडा आला तर थांबावे. बिडाच्या हेडला सीटजवळ तडा असेल तर आमच्या मते दुसरे हेड शोधलेले बरे. तेथे वेल्डिंग करताना एक तडा मिटतो आणि शेजारी दुसरा उघडतो.

आणखी एक कसोटी फार कमी लोक लावतात. खूप तापलेले अ‍ॅल्युमिनियम आपला कडकपणा गमावून बसते. दिसायला ते ठीक असते, फेसही छान होते, पण बोल्ट आवळले की वॉशर आत रुततो आणि महिन्याभरात पकड सैल होते. ज्या हेडचे बोल्ट बसण्याचे ठिकाण दबलेले दिसते ते हेड दुरुस्तीला घेऊ नये.

हेड झिजले म्हणजे नेहमी वाकलेच असते असे नाही. व्हॉल्व्ह गाइड झिजतात, त्यांची रबरी सील कडक होतात आणि ऑइल खाली उतरते. गाडी निळा धूर सोडू लागली की गिऱ्हाईकाला थेट बोअर-पिस्टनचा खर्च सांगितला जातो. कसारा घाट किंवा बोरघाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी गिअरमध्ये सोडावी आणि खाली येऊन पाय दाबावा. त्या क्षणी निळा ढग उठला आणि मग विरला, तर संशय प्रथम गाइड आणि सीलवर घ्यावा. चढावर जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांचा विचार करावा. हा फरक न करता इंजिन उतरवणे म्हणजे दुखऱ्या दातासाठी जबडा उघडणे.

जुन्या अ‍ॅम्बेसेडरवाल्यांना एक वेगळी अडचण आहे. तिच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट बिडातच कापलेली असे आणि पेट्रोलमधले शिसे त्या सीटला वंगणासारखे सांभाळत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, ते आरोग्याच्या दृष्टीने योग्यच झाले. पण अशा हेडमध्ये व्हॉल्व्ह सीटमध्ये बुडत जातो, टॅपेटची फट पुन्हा पुन्हा मिटते. सी.एन.जी.वर ही झीज आणखी वाढते. उपाय एकच: कडक धातूच्या वेगळ्या सीट बसवून घेणे. हे काम चांगले झाले तर ते हेड मूळच्यापेक्षा अधिक टिकते, आणि येथे दुरुस्ती ही बदलीपेक्षा श्रेष्ठ ठरते.

आता खर्च. हेड उतरवण्या-चढवण्याची मजुरी, गॅसकेट सेट, टायमिंग पट्टा, ऑइल, कूलंट हे दुरुस्तीतही लागते आणि बदलीतही. म्हणून संपूर्ण दुरुस्तीचे बिल एका बाजूला आणि नुसत्या नव्या हेडची किंमत दुसऱ्या बाजूला ठेवून "बदललेलेच स्वस्त" असे सांगणे हा हिशेब नव्हे. तुलना फक्त मशीनवरच्या कामाची आणि हेडच्या किमतीची. त्यातही नवे हेड मोकळे आहे की व्हॉल्व्ह, स्प्रिंग, गाइडसह आहे हे विचारावे. मोकळ्या हेडमध्ये जुने व्हॉल्व्ह घालायचे तर सीटशी ते घासून जुळवावे लागतात, म्हणजे लेथवाल्याकडे जाणे चुकत नाही.

बाजारात हेड तीन प्रकारचे: कंपनीचे, बाहेरच्या कारखान्याचे आणि काढलेले. काढलेल्या हेडच्या व्यापारात आपले लोक पुष्कळ आहेत, म्हणून स्पष्ट बोलावे. अपघातात मागून चेपलेल्या गाडीचे हेड उत्तम असू शकते. तापून बंद पडलेल्या गाडीचे हेड घासून, रंग मारून त्याच फळीवर ठेवले तर ते बाहेरून तसेच दिसते. दुकानदाराला फरक ठाऊक असतो, गिऱ्हाईकाला नसतो. ऐब सांगून माल विकणे हे आपल्याकडे धंद्याचे पहिले कलम समजले जाते. मग पाण्याची चाचणी करून, जाडी लिहून, तेच हेड दोन पैसे जास्त घेऊन विकायला काय हरकत आहे? २०२१ च्या नियमांनंतर नोंदणीकृत भंगार केंद्रे उभी राहू लागली आहेत. गाडी कोठून आली याचा कागद त्यांच्याकडे असतो. आपल्या फळीवरच्या मालाला कागद नसेल तर निदान चाचणी तरी असावी. घेणाऱ्यानेही आपले जुने हेड सोबत न्यावे. सहा व्हॉल्व्हचे, बारा व्हॉल्व्हचे, कार्बोरेटरचे, इंजेक्शनचे, नावाने एक आणि अंगाने वेगळी अशी हेड पुष्कळ निघतात.

काही वेळा मात्र दोन्ही करू नये. हेड उघडण्याआधी तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने पाहावे. एखादे इतरांपेक्षा एक किलोहून जास्त कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहावे. आकडा चढला तर दोष खाली, रिंगांत आहे. अशा गाडीचे हेड नवेकोरे बसवले की वरचा भाग घट्ट होतो आणि खालचा कमकुवत भाग ऑइल पिऊ लागतो; गिऱ्हाईक म्हणते, "चाचा, तुम्ही हात लावलात आणि गाडी बिघडली." त्याचे चुकले असे म्हणता येत नाही, कारण त्याला आधी कोणी सांगितलेले नव्हते. तसेच गाडीचा कागदही पाहावा. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि पुढे जास्त जुन्या गाड्यांसाठी ते आणखी वाढवण्यात आले. पत्रा सडलेला, नोंदणी संपत आलेली, अशा गाडीच्या हेडवर खर्च करण्याआधी मालकाला हे सांगणे ही त्याच्या पैशाची अमानत सांभाळणे होय. एक काम जाईल हे खरे, पण तो पुढची गाडी घेताना सल्ल्याला कोणाकडे येईल?

लिहून देण्याविरुद्ध दोन गोष्टी नेहमी ऐकू येतात. गिऱ्हाईक कागद मागतच नाही, ही एक. आणि लिहून दिले तर अंगाशी येईल, ही दुसरी. सध्या काय चालते ते पाहा. हेड पुन्हा गेले की गॅरेजवाला लेथवाल्याकडे बोट दाखवतो, लेथवाला गॅसकेटकडे, गॅसकेटवाला म्हणतो बोल्ट टॉर्क पान्याने आवळले नसतील. तिघेही एकाच मोहल्ल्यातले, आणि भांडण वर्षभर पुरते. यात ज्याने काम मोजून केले तोही बदनाम होतो, कारण त्याच्याजवळ दाखवायला काही नसते. आकडा लिहिलेला असेल तर तो सुटतो. कागद अंगाशी येतो तो न मोजणाऱ्याच्या.

विजेच्या गाडीला सिलिंडर हेड नसते. आज शिकायला आलेल्या पोराला हे ठाऊक आहे, म्हणूनच तो मोबाइल दुरुस्तीकडे वळतो. पण हेडचे काम फक्त मोटारीत नाही. ट्रॅक्टर, टेम्पो, जनरेटर, शेतातले डिझेल पंप, यांची हेड पुढेही येत राहतील आणि या यंत्रांचे मालक, विशेषतः हंगामात, एका दिवसाच्या खोळंब्याचाही हिशेब करतात. त्यांना मोजून देणारा माणूस हवा आहे. ज्याच्याकडे कॉम्प्रेसर आहे त्याला चाचणीची सोय महाग पडत नाही: एक लोखंडी टाकी, जाड पट्टी, रबराचा तुकडा, हवेचा गेज. लहान गावात तीन-चार गॅरेजांनी मिळून ती एकाच्या जागेत ठेवावी आणि प्रत्येक चाचणीचा दर ठरवून घ्यावा. सोबत एक वही असावी: तारीख, गाडीचा क्रमांक, आलेली जाडी, काढलेला धातू, गेलेली जाडी, बुडबुडा आला की नाही. शेवटच्या रकान्यात सही शागीर्दाची घ्यावी. मोजलेले त्याने असते.